वन्संना आडवं कसं जायचं

आमच्या घरात बास्केटबॉल आला तो धाकट्या जावेच्या पायगुणाने. ती कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळून आली होती, पण लग्न जमवताना ही गोष्ट कुणी आमच्या कानावर घातली नव्हती. मुलगी मनमिळाऊ आहे आणि पुरणपोळ्या उत्तम करते एवढंच सांगितलं होतं. पुरणपोळ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

मागच्या वर्षी हिंगोलीत महिलांच्या स्पर्धा ठरल्या. तालुक्यातालुक्याचे संघ होणार होते. धाकटीने आपलं नाव दिलं आणि पाच बाया भरेनात म्हणून माझंही देऊन टाकलं. मी चाळिशी ओलांडलेली, अंगाने चांगली भरलेली, आयुष्यात फेकून मारलेली शेवटची वस्तू म्हणजे मांजराच्या अंगावर टाकलेली चप्पल. मी म्हटलं, "मला काय येतं त्यातलं?"

"काही यायची गरजच न्हाई ताई," ती म्हणाली. "तुमी नुसतं उभं राहायचं."

लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तेच करत होते, म्हणून मी तयार झाले.

सराव कॉलेजच्या मैदानावर. सिमेंटच्या कोर्टाचा निम्मा भाग कुणीतरी हळद वाळत घालून अडवलेला, त्यामुळे आम्ही अर्ध्यातच खेळायचो आणि चेंडू तिकडे गेला की पिवळा होऊन यायचा. शिकवायला एक निवृत्त क्रीडाशिक्षक होते. गळ्यात शिट्टी, डोक्याला रुमाल, आणि बायकांना रागवायचं कसं या काळजीने सतत घामाघूम. त्यांनी आम्हाला एकच डाव शिकवला, पिक अँड रोल. म्हणाले, बाकी काही शिकायला वेळ न्हाई आणि याच्यापुढं काही शिकायची गरज न्हाई.

डाव असा. धाकटीच्या हातात चेंडू. तिला अडवणारी एक बाई तिच्या अंगाला चिकटलेली. मी जायचं आणि त्या अडवणारीच्या वाटेत खांबासारखं उभं राहायचं. हलायचं नाही, ढकलायचं नाही, हललं की फाउल. धाकटी माझ्या खांद्याला घासून पुढे निघणार आणि तिच्या मागची बाई माझ्यावर येऊन आदळणार. मग माझ्यावर पहारा ठेवणारी बाई घाबरून धाकटीकडे धावणार. आता दोघीही धाकटीच्या मागे, म्हणजे मी मोकळी. मी गर्रकन वळून बास्केटकडे पळायचं, धाकटीने चेंडू माझ्याकडे द्यायचा आणि मी तो आत टाकायचा.

माझी यातली उभं राहण्याची बाजू पहिल्याच दिवशी उत्तम जमली. शेजारच्या गल्लीतल्या एक शिक्षिकाबाई माझ्यावर आदळून खालीच बसल्या. सरांनी शिट्टी वाजवायची सोडून टाळी वाजवली. वळून पळणंही हळूहळू जमलं. पण चेंडू काही येईना. मी बास्केटखाली दोन्ही हात पुढे करून उभी, प्रसाद मागितल्यासारखी, आणि धाकटी आपली स्वतःच टाकून मोकळी.

मला याचा राग यायचा आणि तो चेंडूपुरता नव्हता. आमच्या घरी वरण मी शिजवते. डाळ निवडण्यापासून घोटण्यापर्यंत सगळं माझं. शेवटी धाकटी येते, चर्र करून फोडणी देते, आणि जेवताना सगळे म्हणतात, वा, काय फोडणी बसलीय! मला एकदा, फक्त एकदा, तो चेंडू हातात घेऊन आत टाकायचा होता. मी तिला तसं स्पष्ट सांगितलंही.

"देते की ताई," ती म्हणाली. "पण मला मोकळी वाट दिसली की हात आवरत न्हाई."

सर तिला समजावून थकले. "पोरी, बॉल देत न्हाईस तवर हा डाव अर्धाच हाय. समोरच्यांना एकदा कळलं की ही बाई नुसती उभी राहती, तर तिच्याकडं कोण बघंल?" ती मान हलवायची, आणि पुन्हा स्वतःच टाकायची.

सामन्याच्या दिवशी समोर कळमनुरीचा संघ आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्यात सात नंबरचा बनियन घालून आमच्या वन्सं उभ्या होत्या. म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकडा गावात दिलेली. घरात कुणाला पत्ता नव्हता. सासूबाई कडुनिंबाखाली खुर्ची टाकून सुनांचा खेळ बघायला आल्या होत्या, त्यांनी लेकीला पाहिलं आणि खुर्ची उचलून दोन्ही संघांच्या बरोबर मधोमध नेऊन ठेवली. माझा हात आपोआप खांद्याकडे गेला, पदर डोक्यावर घ्यायला. खांद्यावर पदर नव्हता, बनियन होता.

आणि धाकटीला अडवायला आल्या त्या नेमक्या वन्संच.

पहिल्यांदा डाव लावला. मी जाऊन बरोबर जागेवर उभी राहिले. धाकटी माझ्या खांद्याला घासून निघाली आणि मागून वन्सं आल्या. आता वन्सं येताना दिसल्या की आपण बाजूला व्हायचं, हे माझ्या पायांना इतकी वर्षं माहीत होतं. ते माझं ऐकेचनात. मी भिंतीला टेकल्यासारखी अंग चोरून मागे सरकले आणि वर तोंडाने म्हटलंसुद्धा, "या, या." वन्सं आल्या. आल्या आणि धाकटीच्या हातातला चेंडू घेऊन गेल्या.

दुसऱ्या वेळी मी दात आवळून उभी राहिले. वन्सं आदळल्या, पण त्या गडबडीत माझा पाय त्यांच्या पायाला लागला. आमच्या घरात पाय लागला की नमस्कार, मग तो लेकराला लागो की म्हाताऱ्याला. सासूबाईंनी ही एक गोष्ट अशी शिकवलीय की झोपेतही हात जातो. मी भर कोर्टात खाली वाकले, वन्संच्या पायाला हात लावून कपाळाला लावला. वन्संनीही सवयीने "असू दे, असू दे" म्हणत हात वर केला. तोपर्यंत धाकटी त्यांच्या दुसऱ्या दोघींच्या कचाट्यात सापडून चेंडू घालवून बसली होती. पब्लिक हसून हसून लोळत होतं.

मध्यंतरात सर रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "बाई, तुमी आडव्या काहून होऊन न्हाई राहिल्या?"

"त्या वन्सं हायेत सर."

"वन्सं न्हाईत, त्या सात नंबर हायेत!" धाकटी ओरडली.

तिला काय जातं ओरडायला? तिचं लग्न होऊन दोनच दिवाळ्या झालेल्या. वन्सं माहेरी आल्या की त्यांच्या पुढ्यात चहा नेऊन ठेवणारी मी, आणि चहात आलं कमी का पडलं ते ऐकून घेणारीही मी. आज आडवी गेले असते तर त्याची भरपाई मला सगळ्या सणावारांना करावी लागली असती. म्हणून मी धाकटीला बाजूला घेतलं आणि सौदा केला. "मी वन्संना आडवी जाते. पण मग बॉल मला. न्हाई दिलास तर उद्यापासून डाळ तू शिजव."

डाळीच्या नावाने तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "देते."

सामना संपत आला होता आणि आम्ही बरेच मागे होतो. जिंकायची आशा कुणालाच उरली नव्हती. मी गेले आणि वन्संच्या वाटेत उभी राहिले. पाय रोवले. वन्सं आल्या. त्यांनी माझ्याकडे अशा हिशेबाने पाहिलं की आता ही सरकेल. मी सरकले नाही. वन्सं धाडकन माझ्यावर आदळल्या आणि त्यांचा बूट माझ्या पायावर पडला.

या वेळी पाय त्यांचा लागला होता. आणि वन्सं शेवटी सासूबाईंचीच लेक. त्या वाकल्या. भावजयीच्या पायाला हात लावायला भर सामन्यात खाली वाकल्या, आणि तिथे पाय नव्हता. मी वळून पळाले होते.

माझ्यावर पहारा ठेवणारी बाई कधीच धाकटीकडे धावली होती. नुसत्या उभ्या राहणाऱ्या बाईकडे कशाला बघायचं, हे तिला पहिल्या अर्ध्यातच कळलं होतं. बास्केटखाली मी एकटी. समोर धाकटीला वाट दिसत होती, मलाही दिसली तिची वाट. तिने हात उचलला. मी मनात म्हटलं, गेला माझा बॉल. आणि मग तो आला, दोघींच्या मधून, जमिनीवर एक टप्पा खाऊन, सरळ माझ्या पोटात. मी तो पकडला, डोळे मिटले आणि वर टाकला. फळीवर धपकन आवाज आला. डोळे उघडले तेव्हा चेंडू जाळीतून खाली पडत होता आणि सर रुमाल हवेत फिरवत होते. कडुनिंबाखाली सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांना लेक आठवली आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले. मी लहान पोरीसारख्या उड्या मारल्या हे मला आता सांगायला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

सामना आम्ही सपशेल हरलो.

संध्याकाळी वन्सं माहेरीच मुक्कामाला आल्या. गुडघ्याला हळदीचा लेप, तोंडावर राग की हसू ते कळत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात पातेलं घेऊन उभी होते आणि त्या आत यायला निघाल्या. पाय माझे पुन्हा सरकायला लागले. मी पायांना थांबवलं. वन्सं एक क्षण थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि पोट आत ओढून, पाय लागणार नाही अशा बेताने, माझ्या बाजूने आत गेल्या.

त्या दिवशी धाकटीने फोडणीची पळीही माझ्याच हातात दिली होती. "आज तुमीच द्या ताई," म्हणाली. मला चाळीस कामं, नजर दाराकडे. पंगत बसली. वन्संनी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि भुवया वर केल्या.

"वरण कोणी केलंय? मोहरी करपून गेलीय."

धाकटीने मान वर केली आणि क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ताईंनी."

एका दिवसात तिने मला दिलेला हा दुसरा पास. मी तोही घेतला.