पाळीव जंतू

"पालतू है, काटता थोडी है!" हातातली काचेची नळी पुढे करून साहेब असं म्हणाले की नवा माणूस पटकन मागे सरायचा. नळीत विषमज्वराचे जंतू असायचे.

उज्जैनच्या प्रयोगशाळेत मी त्यांचा सहायक होतो. देश नुकताच स्वतंत्र झालेला, दारावरची संस्थानची पाटी उतरून मध्यभारताची लागलेली. साहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. वर्षानुवर्षं नळीत आयतं खाऊन ते जंतू इतके मवाळ झाले होते की टोचले तरी उंदीर मरत नसे. साहेब जंतूंचं पाणी पिपेटच्या बारीक नळीत खुशाल तोंडानं ओढायचे. तेव्हा सगळेच ओढायचे म्हणा. एकदा बोलण्याच्या नादात घोट तोंडात गेला. मी ओरडलो. हे चूळ भरून हसले आणि माधवनगरला घरी जेवायला गेले!

पुढे ताप आला. "मलेरिया असेल," म्हणाले. आमचं ऐकतील तर शपथ! ताप उतरेचना, तेव्हा कुठे रक्त काढू दिलं.

रक्तातून जंतू वाढले. नळीतल्या जंतूंवर त्यांना ओळखणाऱ्या सीरमचा थेंब टाकला की दूध नासल्यासारखे कण दिसत. इथे काहीच दिसेना. मी घरी जाऊन म्हटलं, "साहेब, हा आपला नव्हे."

ते उठूनच बसले. "उकळून बघा आधी."

उकळल्यावर लगेच कण दिसले. सांगितलं तर काय खूश! "तोच आहे! शरीरात शिरल्यावर लेकानं अंगावर आवरण चढवलं, म्हणून सीरमला ओळखू आला नाही. उकळलं तसं ते उतरलं." मरणाच्या दारातला माणूस असा हरखलेला मी तरी पाहिला नव्हता. मला एवढंच कळलं, पाळीव जंतू पुन्हा जंगली झाला होता.

तेवढ्यात वहिनी पेज घेऊन आल्या. वाटीकडे बघताच साहेबांचा चेहरा उतरला.

"माझी उरलेली पेज कोण पितं गं?"

"कोण म्हणजे? मीच. लग्न झाल्यापासून तुमच्याच ताटात जेवते की. साधा ताप आहे म्हणालात ना?"

साहेब वाटी घट्ट धरून बसले, सोडेचनात.

साहेब गेले तेव्हा वहिनी पलीकडच्या खोलीत तापानं फणफणत होत्या. "यांनी पेज घेतली का हो?" आतून सारखं विचारत होत्या. आम्ही दाराशी उभे. आत जायला कुणी धजेना.