मधला स्पीकर: आहे

क्यापो बाजाराच्या रावोन गल्लीत मेलेन्सिओ बुंदालियानचं दुकान म्हणजे एक टेबल, मागे भिंतभर लोंबणाऱ्या वायरी आणि दुकानापेक्षा मोठं असं त्याचं तोंड. गिऱ्हाईक डिस्क प्लेअर घ्यायला आलं की तो आधी त्याला टीव्ही कोणता ते विचारी, मग खोली केवढी, मग पडदे आहेत की नाहीत. एवढी उलटतपासणी करून गिऱ्हाइकाने बोट ठेवलेला प्लेअर फळीवर परत ठेवी आणि दुसराच पुढे सरकवी. लोक चरफडत, पण घेत तोच. पंचवीस वर्षांत त्याने जोडून दिलेल्या यंत्राची तक्रार घेऊन कोणी परत आलं नव्हतं.

मधल्या स्पीकरवरून मात्र रोज हुज्जत ठरलेली. तो स्पीकर टीव्हीच्या खाली, बरोब्बर मध्यावर हवा. आणि तिथे घरोघरी बाळ येशूची मूर्ती.

"कुया, देवाला कुठे हलवू?" त्याला कुया, म्हणजे दादा, म्हणणारी बायामाणसं विचारत.

"हलवू नकोस. वीतभर सरकायला सांग. अगं, कोपऱ्यातले चारी स्पीकर गाण्याला, पावसाला, बंदुकीला. माणूस बोलतो तो मधल्यातून. तो नसला की सासू नुसते ओठ हलवताना दिसेल."

"मग नकोच मधला!"

गल्ली हसायची. पण लोकांना हे शहाणपण सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरी मधला स्पीकर नव्हता.

त्याची बायको रोसेंदा चौदा वर्षांपूर्वी मिलानला परक्यांची घरं आवरायला गेली. गेली त्या वर्षी त्यांनी स्पीकरांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर घेतला होता. पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा दोघांनी मिळून पुढचे दोन स्पीकर आणले, दुसऱ्यांदा आली तेव्हा मागचे दोन. "मधला मी कायमची येईन तेव्हा," ती म्हणाली आणि जागा राखायला तिथे लाकडाचा बाळ येशू ठेवून गेली. मेलेन्सिओने त्याच दिवशी रिमोट घेऊन रिसीव्हरमध्ये नोंदवून टाकलं, 'मधला स्पीकर: आहे'. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याने त्याला चारचौघांत गाढव म्हटलं असतं. घरी तो सिनेमा लावतच नसे. नुसती गाणी ऐके, त्यांना दोन बाजू पुरत.

पुढे मुलगी लियोनीलाही आईकडे गेली, तिथेच लग्न झालं. रोसेंदा शेवटची येऊन गेली त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दर फोनला ती "पुढच्या नाताळला" म्हणे, आणि हा दर नाताळला घराला रंग काढी. त्याला तिची इतकी आठवण येई, की बाजारात कोणी तिच्यासारखी पाठमोरी दिसली तर तो मुद्दाम पुढे जाऊन तोंड बघत नसे.

खालच्या मजल्यावरची पुरीता बहिणीला भेटून मिलानहून परतली, ती लियोनीलाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची डिस्क घेऊन.

"डिस्कच्या शेवटी सेंदा तुझ्यासाठी बोललीय," पुरीता म्हणाली. "परत येण्याबद्दल."

"काय म्हणाली?"

"मी कशाला सांगू? ऐक की तिच्याच तोंडून."

त्याच्या जुन्या प्लेअरवर ही स्वच्छ चित्राची डिस्क चालेना. शिवाय युरोपातल्या डिस्का इकडच्या यंत्रांवर रुसतात, हे त्याला पक्कं ठाऊक. तीन दिवस त्याने स्वतःलाच गिऱ्हाईक करून छळलं आणि कुठलीही डिस्क गिळणारा एक प्लेअर निवडला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून आला, प्लेअरची केबल रिसीव्हरला आणि रिसीव्हरची टीव्हीला जोडली. शेजारीपाजारी जमले. पुरीताने पातेलंभर पान्सित आणलं, आयुष्य लांबावं म्हणून शेवया न मोडता.

चित्र इतकं लख्ख, की रोसेंदाच्या हातावरच्या, फोनवर कधी न दिसलेल्या भेगा दिसल्या. चर्चची घंटा मागच्या स्पीकरांतून वाजली तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. मग रोसेंदा माईक घेऊन कॅमेऱ्यासमोर आली. ओठ हलले. पेले किणकिणले, कुठेतरी मूल रडलं, तिचा आवाज मात्र नाही.

"वा रे रावोनचा राजा!" पुरीता ओरडली. "सगळ्या क्यापोला आवाज देतोस आणि स्वतःच्या बायकोला मुकी केलीस!"

हशा पिकला. बिघाड त्याला केव्हाच कळला होता: रिसीव्हर तिचं बोलणं नसलेल्या मधल्या स्पीकरकडे धाडत होता. त्याने रिमोट उचलला. 'मधला स्पीकर: आहे'. तिथे 'नाही' केलं की तिचा आवाज दोन्ही बाजूंना वाटला जाणार होता. एका बोटाचं काम. पण बोट अडलं. नऊ वर्षं या घरात 'आहे' म्हणणारे दोघंच होते, एक तो आणि एक हे यंत्र.

"लाव की रे, शेवया गार होतायत!"

त्याने 'नाही' केलं.

"मेलेन्स, ऐकतोयस ना?" रोसेंदा म्हणाली. "नात शाळेत जायला लागेपर्यंत मी इथेच आहे. मग... मग बघू. बाळ येशूला आता आतल्या खोलीत ने. मधला स्पीकर आण तू. किती वर्षं माणसांचं बोलणं ऐकल्याशिवाय काढशील?"

ती हसली आणि नातीला उचलायला वळली. 'पुढच्या नाताळला' म्हणाली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'बघू' म्हणाली होती.

"खाऊन घे, कुया," पुरीता हळूच म्हणाली. त्याने खाल्लं. नातीचं कौतुक केलं, जावयाच्या कोटाची टिंगलही केली.

माणसं गेल्यावर पुरीता पातेलं न्यायला मागे राहिली. "सेंदाचं बोलणं पुन्हा एकदा लाव ना," ती म्हणाली.

त्याने डिस्क मागे नेली. त्याआधी रिसीव्हरमध्ये जाऊन 'नाही'चं पुन्हा 'आहे' केलं. पडद्यावर रोसेंदा आली, ओठ हलवू लागली.

"अरे, आवाज?"

"बिघडला असेल," मेलेन्सिओ म्हणाला आणि बाळ येशूच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत बसला. आवाज नसला की ती 'पुढच्या नाताळला' म्हणतेय असं सहज वाटत होतं.