चढलेली भेंडी

आमच्या गॅलरीवरून विमान गेलं की मालूमावशी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवते आणि वर बघून हात हलवते. आतल्या लोकांना तो दिसत नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी हलवते, कारण एकदा ती त्यांच्या जागी होती. तरुणपणी ती ज्या विमानात बसली होती, ते पळवलं गेलं होतं आणि सबंध दिवस ती त्यात अडकली होती.

त्या प्रकाराच्या सरकारी अहवालाचं कात्रण तिने जपून ठेवलंय, तेही फक्त भांडायला. काल पुन्हा काढलं. "‘प्रवाशांनी शांतता राखली.’ अगं, शांतता कसली डोंबलाची! मुलं रडायला लागली म्हणून आम्ही भेंड्या सुरू केल्या. खिडकीकडचे विरुद्ध मधले. पिस्तूलवाला ओरडला, तेव्हा जरा हळू गायलो, एवढंच."

मला हसू आवरेना. अहवालातल्या वेळा अगदी बरोबर असतील. पण घशाला कोरड पडलेली असताना ‘म’वरून गाणं शोधणारी माणसं अहवाल लिहिणाऱ्या साहेबांनी कुठे लिहायची? त्यांना शांततेपलीकडे शब्दच सुचला नसावा.

एवढ्यात मावशीचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. "आणि हे बघ, ‘कुणालाही इजा झाली नाही’ म्हणे! सुटका व्हायच्या जरा आधी आमच्यावर ‘ठ’ आला. कुणाला काही आठवेना. सगळ्या विमानादेखत भेंडी चढली आमच्यावर, ती काय इजा नव्हे?"