दिवाणावर मांडलेले अर्थ

छत्रपती संभाजीनगरात लाटव्हियन भाषा येणारा माणूस एकच आहे आणि तो कायम चिडलेला असतो. हा माणूस माझा साडू लागतो. तोही मोठा साडू, त्यामुळे उलटून बोलायची सोय नाही. जगात लोक चार-चार भाषा शिकतात आणि सुखाने झोपतात. आमच्या साडूभाऊंना ही एक भाषा काय आली, पुंडलिकनगरातल्या त्यांच्या गल्लीची शांतता गेली. त्यांच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आहे. कुत्रा नाही, कधीच नव्हता. पाटी अक्कांनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीने लावली आहे. तिचा रोख कुणाकडे आहे, ते येणाऱ्याला चहा येईपर्यंत कळतं.

तरुणपणी साडूभाऊ शिष्यवृत्तीवर सोव्हिएत रशियात इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि त्यांच्या वाट्याला लाटव्हियातलं रीगा आलं. शिकवणं सगळं रशियनमधून. लाटव्हियन शिकायची काही म्हणता काही गरज नव्हती. पण होस्टेलच्या खाणावळीत वाढायला एक बाई होती आणि रशियनमध्ये मागितलेलं ती कुणालाही वाढत नसे. औरंगाबादचा पोरगा, पोटात आग, समोर ब्रेडची चळत, आणि बाई हाताची घडी घालून उभी. ती शब्द सांगून शिकवायची नाही. चमचा, ताटली, मीठ, ब्रेड असं पुढ्यात ओळीने मांडायची. हात लावायचा आणि नाव घ्यायचं. नाव चुकलं की वस्तू परत आत. ब्रेडला ‘माइजे’ म्हणतात, एवढं जिभेवर नीट बसेपर्यंत साडूभाऊ नुसत्या सूपवर राहिले. भाषेबरोबर रागही त्यांनी त्या बाईकडूनच आणला, असा माझा अंदाज होता. त्यांच्या आईचं म्हणणं मात्र वेगळं होतं. त्या म्हणायच्या, “न्हाई हो, राग इथूनच घिऊन गेल्ता त्यो.”

परत आल्यावर नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, ती लग्न होऊन नाशिकला गेली. या सगळ्या काळात लाटव्हियन बोलायला समोर कुणी नव्हतं. म्हणून ते ती भाषा स्कूटरशी बोलायचे. किक मारून मारून स्कूटर चालू होईना, की त्यांच्या तोंडून असं काही निघायचं की शेजारच्या बायका कानावर हात ठेवायच्या. अर्थ कळत नव्हता, पण भावना पोचायच्या. आणि मग निवृत्तीनंतर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना त्यांना शोधत घरी आला. कारखाना बेकरीसाठी कणीक मळायची यंत्रं करायचा. ती लाटव्हियात जाणार होती आणि सोबतचं इंग्रजी माहितीपुस्तक लाटव्हियनमध्ये करून हवं होतं. साडूभाऊंनी नवा पेन घेतला. अक्कांनी देवापुढे साखर ठेवली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की आता माझे हाल सुरू होणार.

इंग्रजीवर त्यांचा मुख्य राग असा, की ही भाषा नावं ठेवताना कंजुषी करते. एक नाव घ्यायचं आणि घरात एकच चप्पल असल्यासारखं ते दहा वस्तूंनी आळीपाळीने वापरायचं. त्यावर साडूभाऊंचा उपाय खाणावळीतलाच होता. इंग्रजी शब्दाचे जितके अर्थ निघतील तितक्या वस्तू गोळा करायच्या, दिवाणावर ओळीने मांडायच्या, पुस्तकातलं वाक्य मोठ्याने वाचायचं आणि न बसणारी एकेक वस्तू उचलून परत करायची. शेवटी उरेल तिचं लाटव्हियन नाव लिहायचं. या वस्तू गोळा करायला ड्रायव्हर मी. शहागंजमधल्या हार्डवेअरच्या दुकानात ते तासन्‌तास नट, बोल्ट आणि स्प्रिंगा हातात घेऊन बसत. एकदा दुकानदाराने विचारलं, “चच्चा, कुछ लेना भी है, की खाली देखनाच है?” साडूभाऊ म्हणाले, “देखना है. बिना देखे लिखता नहीं मैं.” भल्या माणसाने सगळे खण त्यांच्यापुढे उघडून ठेवले आणि मला म्हणाला, “बैठो आप भी, चाय मंगाता हूँ.” उन्हात उभं राहून माझं डोकं तापलं होतं, आणि हे दोघे म्हातारे गिऱ्हाइकं सोडून एका स्प्रिंगेकडे बघत बसले होते.

‘प्लेट’ या शब्दाला तर त्यांनी कहर केला. दिवाणावर अक्कांची स्टीलची ताटली आली, पत्र्याचा तुकडा आला, माझ्याच स्कूटरची नंबरप्लेट उचकटून आली. अक्कांनी माझ्या हातात पोह्यांची बशी दिली, तेवढ्यात साडूभाऊ माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “पाव्हणं, कवळी काढा.” दातांच्या कवळीलाही म्हणे इंग्रजीत तोच शब्द आहे. मी म्हणालो, अहो, कणीक मळायच्या यंत्रात माझी कवळी कशाला येईल? “येणार नाय ते मलाबी कळतंय. पण मांडल्याबिगर काढायची कशी?” मोठा साडू. काढून दिली. पत्रा आणि नंबरप्लेट यांच्यामध्ये माझी कवळी हसत बसली आणि पोहे गार होईपर्यंत मी बोळक्या तोंडाने दाण्यांकडे बघत राहिलो. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

कारखान्याचा मॅनेजर तरुण होता आणि घाईत होता. “काका, शब्दासमोर शब्द लिहा ना, एवढं काय त्यात,” असं तो फोनवर म्हणाला. साडूभाऊंनी फोन ठेवला, मला स्कूटर काढायला लावली आणि शेंद्र्याला जाऊन यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसले. कुठला भाग फिरतो, कुठे हात जातो, झाकणाची जाळी कशी बसते, हे बघून एकेक वाक्य लिहायला लागले. मॅनेजरने कंटाळून सगळं पुस्तक एका दुपारी कॉम्प्युटरकडून करून घेतलं. ते छापूनही आलं. साडूभाऊंनी उघडून पाहिलं, तर सुरक्षेच्या जाळीचा त्यात पहारेकरी झाला होता, कारण इंग्रजीत दोघांनाही ‘गार्ड’च म्हणतात. ‘पहारेकरी नेमल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.’ मला हसू आवरेना. साडूभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले की हसू घशातच राहिलं. “तिकडं पहाटंच्याला भट्टीवर कुणीतरी बाई हुभी असंल. जाळी काढून हात घालंल ती. आन तुम्ही हसताय.”

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा मला फोन. तुमचे साडू खोक्यावर बसलेत, ट्रक भरू देत नाहीत, घेऊन जा. मी तणतणत गेलो. या वयात ही थेरं, माझ्या स्कूटरचं पेट्रोल, माझी दुपारची झोप. जाऊन बघतो तर यंत्राच्या लाकडी खोक्यावर साडूभाऊ मांडी घालून बसलेले, आणि मॅनेजर हमालांना म्हणत होता, “म्हातारं खिसकलंय, उचलून बाजूला ठेवा.” आमच्या साडूभाऊंना खिसकलेलं म्हणायचा हक्क आमचा आहे, घरच्यांचा. ते ऐकलं मात्र, माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी चपला काढल्या आणि शेजारच्या खोक्यावर चढून बसलो. संध्याकाळी मॅनेजर नमला. ‘जाळी बसवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये’ या साडूभाऊंनी लिहिलेल्या एकाच लाटव्हियन वाक्याच्या चिकटपट्ट्या छापून आल्या आणि प्रत्येक जाळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक चिकटवली. पुस्तक गेलं ते तसंच, चुकांसकट. त्याचा राग त्यांनी पुढे कित्येक महिने आम्हा सगळ्यांवर काढला.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. शुद्धीवर आले आणि बोलायला लागले, पण कुणाला एक शब्द कळेना. दवाखान्यात सगळ्यांना वाटलं, बडबडताहेत. अक्का म्हणाल्या, “बडबड नाय ही. स्कूटरला बोलायचे ते हेच.” मराठी गेली होती. हिंदी, इंग्रजी, रशियन, त्याही गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादीच भाषा उरते. सगळ्या भाषा सोडून नशिबाने नेमकी हीच ठेवावी, याचा मला इतका संताप आला की मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहिलो. मोबाइलवर भाषांतर होतं म्हणून मी तो त्यांच्या तोंडापुढे धरला. त्यांचं बोलणं अडखळत होतं, मोबाइलला काही समजेना. साडूभाऊंनी चांगल्या हाताने तो ढकलून दिला. मॅनेजरचा राग आला की ते फोन असाच ढकलायचे.

घरी आल्यावर अक्कांनी दिवाण मोकळा केला. त्यावर तांब्या, चष्मा, शाल, गोळ्यांचा डबा आणि ताटलीत एक पोळी, असं ओळीने मांडलं. साडूभाऊंनी हात लावायचा, नाव घ्यायचं. अक्का तो शब्द म्हणून बघणार, चुकलं की ते चिडणार, अक्का पुन्हा म्हणणार. आता आमच्याकडे पोळीला माइजे म्हणतात. परवा मी गेलो, तर साडूभाऊ काहीतरी मागत होते आणि दिवाणावर मांडलेलं सगळं एकेक करून परत ढकलत होते. नाशिकच्या लेकीचा फोटो ढकलला, रेडिओ ढकलला. घरात मांडायला काही उरलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावलेले साडूभाऊ मी जन्मभर सोसले, पण हे मला सोसेना. काय करावं कळेना म्हणून मी तोंडात हात घातला, कवळी काढली आणि ओळीत ठेवली.

त्यांनी कवळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अर्ध्या चेहऱ्याने ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मग कवळीवर बोट ठेवून एक शब्द म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मी बोळक्या तोंडाने तो म्हटला. चुकला असणार, कारण ते भडकले आणि कवळी माझ्याकडे ढकलली. अक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “म्हना पुन्यांदा.” मी कवळी परत ओळीत ठेवली आणि पुन्हा म्हटला.