श्रीनूच्या पत्र्यावरचं फूल

हे कालपर्यंत कुणालाच बोललो न्हवतो. म्हंजे बडबड तर मी दिवसभर करतो — होटगी स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई, शाळेतले हेडसर, भाजीवाली मावशी, सगळ्यांचे आवाज काढतो. फक्त हे एक माझ्या स्वतःच्या आवाजात कधी निघालंच न्हाय.

श्रीनू माझा कॉलेजातला दोस्त. त्याच्या घरी चादरीचे माग. आमी दोघं व्हिडिओ बघून कॉम्प्युटरचं कॅबिनेट हातानं सजवायला शिकत होतो — पत्रा कापायचा, काच बसवायची, रंग मारायचा. कॉलेजच्या प्रदर्शनात दोघांनी आपापलं ठेवायचं ठरलं.

मी काय केलं? घाई, दुसरं काय. पत्र्यावर टेप न चिकटवताच ग्राइंडर फिरवला. रंगाचे पोपडे निघाले, कड अशी की उंदरानं कुरतडलीय. आणि श्रीनू? त्यानं घरच्या जुन्या चादरीवरचं फूल कागदावर उतरवलं, कागद पत्र्याला चिकटवला, एकेका ठिपक्यावर ड्रिल मारलं. प्रत्येक भोक कानशीनं घासलं. आत लाइट लावला की पत्र्यात चादर उजळायची. खरं सांगू? मला बघवंना.

पुढचं... थांबा, सांगतो की.

आमचे लॅबचे सर आधी खाकरायचे, मग "काय आहे ना", मग मुद्दा. त्यांची नक्कल मी रोज करायचो, श्रीनू हसून हसून खाली बसायचा. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी लॅबमधे कुणी न्हवतं. लॅबच्याच फोनवरून श्रीनूला फोन लावला. खाकरलो.

"काय आहे ना, भोकं पाडलेलं कॅबिनेट चालणार नाही. कुणाला शॉक बसला तर? आणू नकोस."

"बरं सर," तो म्हणाला. "सॉरी सर."

सॉरी — मला! त्याला शंका का आली न्हाय? आपला दोस्त असं करंल, हे त्याच्या डोक्यातच न्हवतं.

प्रदर्शनात हातानं केलेलं कॅबिनेट एकच, माझं, कुरतडलेलं. पहिला नंबर. सगळ्यात जोरात टाळ्या श्रीनूच्या. त्याचा पत्रा तोवर भंगारात गेलेला. परत त्यानं ड्रिलला हात लावला न्हाय. मी मात्र आवाज काढत, लोकांना हसवत फिरलो.

काल त्याच्याकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यानं माग बंद केला. एवढी शांतता त्या शेडमधे मी कधी ऐकली न्हवती.

"बोल की परत," तो म्हणाला. "त्याच आवाजात."

खाकरलो. "काय आहे ना..." शेवटच्या शब्दापर्यंत बोललो. तो हसला न्हाय.

"हं. हाच," म्हणाला, आणि माग चालू केला.

बाहेर आलो. लई हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हलकं वाटलं ते मलाच. त्याचं फूल भंगारातच हाय.