दोन गावच्या गोळ्या

औषधाची चिठ्ठी हातात आली की कंपौंडरमामा आधी तिच्यावर अंगठा ठेवत आणि खिडकीतून वर बघत विचारत, "अजून काय चालू हाय?" माणूस गप्प राहिला तर म्हणत, "काढा, अंगारा, पुडी, समदं सांगा. पोट एकच हाय." एका म्हाताऱ्याने त्यांना शेजारणीचं खोकल्याचं औषधही पितो म्हणून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग शेजारीण काय पिती, बाबा?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या, नळ कोरडे. सरकारी दवाखान्यात मंगळवारी मनाचे डॉक्टर येऊ लागले आणि औषधाच्या खिडकीत कंपौंडर म्हणून ते आले. सगळे त्यांना मामाच म्हणत. असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी खिडकीत पाहिला असेल.

माझं माहेर मुदखेडचं. लहानपणी मला फेफरं येई. नांदेडच्या डॉक्टरांच्या गोळीने ते थांबलं, पण लग्न ठरताना कुणी बोललं नाही. भाऊ दर महिन्याला पापडाच्या पिशवीत गोळ्या घालून एस.टी.च्या कंडक्टरजवळ देई. मी त्या लपवून घेई.

दुष्काळाच्या त्या साली, माझी पोरगी लहान असताना, माझं मन फार खालीवर होऊ लागलं. चार-चार दिवस झोप नाही, मग अंथरुणातून उठणं नाही. सासूबाईंनी मंगळवारच्या डॉक्टरांकडे नेलं. आधीचं काही औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. सासूबाई शेजारीच होत्या. मी नाही म्हणून मान हलवली.

नवी गोळी सुरू झाली आणि जग पाण्याखाली गेल्यासारखं झालं. पाय कापसावर पडत. रस्त्यावर मला दोन-दोन टँकर दिसत, आणि एवढं पाणी आलं म्हणून बरंही वाटे. भरलेली घागर दोनदा सांडली. सासूबाई म्हणाल्या, हिला मुदखेडला सोडून यायचं, पोरगी इथंच राहील.

पुढच्या मंगळवारी मी खिडकीपर्यंत भिंत धरून गेले. मामांनी सासूबाईंना चिठ्ठीवर शिक्का आणायला पाठवलं आणि खाली वाकले.

"सांग माय."

"फेफऱ्याची," मी म्हणाले. "नांदेडची."

"दोन्ही गोळ्या चांगल्या हायत. पण नवी त्या जुनीला अंगातून निघू देत न्हाई, साचवून राहिली. अन् जुनी हिला टिकू देत न्हाई."

मग जुनी सोडते, असं मी म्हणाले. ते पहिल्यांदाच कडक झाले. "आपल्या मनानं एकबी सोडायची न्हाई. फेफरं उलटंल. डॉक्टरला मी सांगतो. घरी तू सांग."

मी दवाखान्याच्या पायरीवरच सांगितलं. सासूबाई पदर सावरून पुढे चालू लागल्या. डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या बदलल्या, जग एकेक होत गेलं, तरी मुदखेडला सोडायचं त्यांनी मागे घेतलं नाही.

काही महिन्यांनी मामांची उदगीरला बदली झाली. त्या सकाळी सासूबाईंनी भाकरी-ठेचा बांधला आणि मला चल म्हणाल्या. स्टँडवर उदगीरच्या गाडीशेजारीच नांदेडची उभी होती. मुदखेडची वाट तिकडूनच. सासूबाईंनी गाठोडं मामांच्या खिडकीत दिलं. गाडी गेली. मामा पुन्हा दिसले नाहीत. धूळ झोपेसारखी तरंगत राहिली आणि तिच्यातून नांदेडचा कंडक्टर ओरडत होता. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"चल," त्या म्हणाल्या, "पोरगी उठली असंल."