बकरीची खिडकी

सकाळपासून घरभर आंबूस वास कोंदलाय. खिडक्यांच्या फटी बुजवायला बोलावलेला कारागीर हातातल्या पिचकारीनं काचेच्या कडेकडेनं पांढरा लगदा ओढत चाललाय आणि तोंडाचा पट्टाही चालूच आहे. "ताई, लई फटी हायेत बगा. वारा कशाला, पाल सुदिक आत येईल हितून." येतेच, म्हटलं, रोज येते. दिवाळी सरली, बालाघाटाच्या डोंगरावरनं गार वारा उतरायला लागला आणि मला एकाएकी घाई सुटली, कारण बहिणीची लेक सव्वा महिन्याचं बाळ घेऊन चार दिवस बीडला माझ्याकडं राहायला येणार आहे. तिच्याआधी तिच्या आईचे फोन येताहेत, दिवसातून दोनदा. "अक्का, खिडक्या बुजव. लेकराला वारा लागंल." अगं बाई, वाऱ्याची गोष्ट तू मला सांगतेस? तू स्वतः ज्या हिवाळ्यातून तरून आलीस तो मी या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू दोन मुठींएवढी.

तेव्हा खिडक्या बुजवण्याचा वास निराळा होता. तो खळीचा वास. पातेल्यात गव्हाचं पीठ पाण्यात कालवून मंद जाळावर ढवळत राहिलं की एक कोमट, भुकेला हाक मारणारा वास उठतो. आमच्या आईची खळ तर अशी गुळगुळीत व्हायची की चिकटवण्याआधी बोटभर चाटल्याशिवाय राहवत नसे. आज वाटतं, त्या वर्षी जे घडलं त्याचं मूळ त्या चवीतच होतं.

मांजरसुंब्याहून नेकनूरकडं जाताना आत वळलं की माळावर आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे सचिव. पुढच्या खोलीत संस्था, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. दोन पावसाळे कोरडे गेले होते. काही जनावरं नेकनूरच्या बाजारात गेली, उरलेली चारा छावणीत, आणि संस्थेचे कॅन भिंतीशी पालथे पडले. अण्णा तरीही रोज सकाळी कुलूप काढत, खुर्ची पुसत, दोन तास बसत आणि पुन्हा कुलूप लावत. दूध संस्थेच्या सचिवाच्या घरी काळा चहा! गावानं कधी तोंडावर म्हटलं नाही, पण अण्णांना ते सगळ्या गावाच्या डोळ्यांत दिसत असे. दुष्काळ तसा सगळीकडं शिरतो. आमच्या खिडक्या बाभळीच्या, लाकूड पुरतं वाळायच्या आत सुतारानं जोडलेल्या. त्या कोरड्या हवेत फळ्या अशा आकसल्या की मधून माझं बोट आरपार जायचं. जमीन भेगाळलेली सगळ्यांना दिसते, खिडक्या भेगाळलेल्या बघायला घरात लेकरू असावं लागतं.

ते लेकरू कार्तिकात आलं. दिवस भरायच्या आधीच आलं. रडायचं म्हणजे मांजराच्या पिलागत, तेही थोडंसं. आईचं दूध पुरेना. वैद्यानं सांगितलं, ऊब धरा आणि पोटात काही जाऊ द्या, दुसरं औषध नाही. ऊब धरायला चार भिंती होत्या, पोटाचं काय? गावात दुभतं जनावर उरलं होतं एकच, आमच्या मागल्या अंगणापलीकडच्या खालाची पांढरी बकरी. खालाचा नवरा मांजरसुंब्याच्या फाट्यावर पंक्चर काढायचा, त्याला आम्ही चाचा म्हणायचो. खाला दोन्ही वेळा तांब्याच्या तळाशी दिसेल न दिसेल एवढं दूध घेऊन मागच्या दारानं यायची. आई संकोचली तर म्हणायची, "वैनी, लेकराच्या तोंडचं हाय ते. त्याला कायका हिशोब?" आई ते पाणी घालून उकळायची आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायची. अण्णा त्या वेळी मुद्दाम पुढच्या खोलीत जाऊन बसत. दुसऱ्याच्या बकरीवर आपलं लेकरू जगतंय, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

मग आईनं खिडक्या हातात घेतल्या. रेशनच्या गव्हाचं मूठभर पीठ काढून खळ केली. कागद कुठला? अण्णांनी जिल्ह्याहून आलेली चित्रांची गुंडाळी कपाटावर जपून ठेवली होती. काळीपांढरी धष्टपुष्ट गाय, कास जमिनीला टेकेल अशी, आणि खाली ठळक अक्षरांत ‘दूध वाढवा’. संस्था पुन्हा सुरू झाली की ती भिंतीवर लावायची होती. आईनं न विचारता तीन चित्रं ओढली आणि दोन्ही खोल्यांच्या खिडक्या बाहेरून बुजवून टाकल्या. त्या संध्याकाळी घर पहिल्यांदा गप्प झालं. वाऱ्याची शीळ थांबली आणि बाळ सलग झोपलं. अण्णांनी चित्रं बघितली, झोपलेल्या लेकीकडं बघितलं आणि उरलेली गुंडाळी पुन्हा कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालाची आरोळी आली. "या अल्ला! वैनी, बगा की, माजी बकरी तुमची खिडकी खाऊ लागली!" जाऊन बघतो तर काय, बाईसाहेब पुढचे दोन पाय खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गायीचं चित्र कासेपासून शिंगांपर्यंत फस्त करून बसलेल्या. माळावर काडी नाही, आणि इथं गव्हाची खळ लावलेला कागद! तिचं तरी काय चुकलं? आईनं पुन्हा चिकटवलं, तिनं पुन्हा खाल्लं. असं तीनदा झालं. तिसऱ्या रात्री वारा आत शिरला आणि बाळाचे हातपाय निळसर पडले. आईनं तिला पहाटेपर्यंत पोटाशी धरलं.

सकाळी अण्णांचा बांध फुटला. चित्रांचा राग, बकरीचा राग आणि त्या मागच्या दाराचा राग एकदम वर आला. संस्थेत जनावरांच्या खुरांना लावायचं विषारी मोरचूद असायचं, ते त्यांनी कुटून ताज्या खळीत टाकलं. खळ हिरवी-निळी झाली. "आता खाऊ दे म्हणावं. एकदाच तोंड लावंल." मी चाटायला पुढं केलेलं बोट आईनं झटक्यात मागं ओढलं. मग तिनं पातेलं उचललं, कुदळ घेतली आणि उकिरड्यापलीकडं ढोपरभर खड्डा करून सगळी खळ पातेल्यासकट पुरली. दुष्काळात आईनं पीठ टाकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. परत येऊन अण्णांसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "अवो, तिच्या पोटात जाईल ते सांजच्याला ह्या लेकराच्या पोटात येतंय. एवढं कळंना व्हय तुमाला?" अण्णांचं तोंड उतरलं. ते खाली बसले. मला माझ्या बापाची दया आली, आणि दया आल्याची लाजही.

खालाला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. संध्याकाळी चाचा मात्र सायकलला ट्रकच्या जुन्या ट्यूबचं वेटोळं अडकवून आला. कात्रीनं रबराच्या लांब पट्ट्या कापल्या आणि बारीक खिळे ठोकून वाऱ्याच्या बाजूची प्रत्येक फट झाकली. "ह्ये बकरी खात न्हाई," तो म्हणाला, "आन खाल्लं तर मी पंक्चर काढतो तिचं." आई त्या महिन्यात पहिल्यांदा हसली. उगवतीची एक बारकी खिडकी तेवढी उरली. त्या बाजूनं वारा नव्हता, नुसतं कोवळं ऊन यायचं. चाचा पट्टी लावायला निघाला, तर आई म्हणाली, "ती असू द्या." आणि चुलीवर पुन्हा पातेलं चढलं, आता दुसरं, जर्मनचं. तिचं म्हणणं, खळ खाल्लेल्या दिवशी बकरी दोन धारा जास्त देते. खरं होतं की आईच्या मनाचा खेळ, कुणी मोजलं? अण्णा उठले, स्वतः कपाटावरची गुंडाळी काढली, एक गाय सोडवली आणि खिडकीपाशी उभ्या आईच्या हातात दिली. मग जरा घुटमळून म्हणाले, "थोडी खाली लाव. तिला पोचंना तर?"

होळीपर्यंत बकरीनं गुंडाळीतल्या सगळ्या गायी संपवल्या आणि बाळाच्या मांड्यांना वळ्या पडल्या. पुढं पाऊस झाला, छावणी उठली, संस्थेचे कॅन उताणे झाले. नियमाला शब्दशः धरून चालणाऱ्या अण्णांनी त्या दिवशी नारळ फोडण्याआधी खालाला बोलावलं, पुढच्या दारानं, आणि तिच्या तांब्यातली धार पहिल्या कॅनमध्ये ओतायला लावली. संस्थेच्या नियमात बकरीचं दूध बसत नव्हतं. भिंतीवर लावायला चित्र तर एकही उरलं नव्हतं, पण कुणाला त्याची आठवण झाली नाही.

आता ती माणसं नाहीत. संस्थाही पुढं मोठ्या डेअरीत विरून गेली. कधी वाटतं, सहकार सहकार म्हणतात तो मी एका बारक्या खिडकीतच बघितला. माणसं जातात, दारं बदलतात, पण एकानं दुसऱ्यासाठी ठेवलेली फट कुठं तरी पुढच्या घरात उरते.

"ताई, ही उगवतीची बारकी राहिली. हिला मारू का पिचकारी?" कारागीर विचारत होता. म्हटलं, राहू दे. त्यानं पिचकारी खाली ठेवली. तेवढ्यात फोन वाजला. "अक्का, बुजवल्या का सगळ्या?" मी म्हटलं, "एक सोडून." मांजराच्या पिलागत रडणारी ती माझी बहीण पलीकडं घर दणाणून जाईल अशी हसली. "बकरीची व्हय? असू दे, असू दे. लेकराला तिथंच निजव, ऊन लागंल."